उकलीशिवाय उत्तर नाही

'नवरा, देवाकडून मिळालेला (२)'.

तीन शब्दांचा हा संकेत वाचला की हरतालिकेचे उपास आणि वडाच्या फेऱ्या मनात येतात. कोडेकाराला तेच हवं असतं. पण वाक्याचा तो अर्थ बाजूला ठेवून स्वल्पविरामापाशी जरा थांबा. अलीकडे 'नवरा' आहे. त्याला वर म्हणतात. पलीकडे 'देवाकडून मिळालेला' आहे, तोही वर. कंसातला आकडा सांगतो की उत्तर दोन अक्षरांचं आहे. वेगळ्या दिशांनी निघालेल्या दोन वाटा एकाच शब्दापाशी येऊन मिळाल्या. आता हे उत्तर बरोबर आहे का, असं कोणाला विचारायला नको आणि उद्याच्या अंकाची वाट बघायलाही नको.

गूढ शब्दकोड्याचं सगळं वैभव माझ्या मते या निःशंकतेत आहे. इंग्रजी वाचणारे ज्याला क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात, त्या प्रकाराचं हे पुस्तक. त्यात निम्म्याहून अधिक पानं उकलींना दिली आहेत आणि ती मुद्दाम दिली आहेत. कोडी सोडवणाऱ्यांना 'आलं!' म्हणायची घाई असते. चौकोन भरले, आडवी-उभी अक्षरं जुळली, की काम झालं. माझं म्हणणं असं, की ज्याची उकल सांगता येत नाही ते उत्तर आलेलंच नसतं. तो अंदाज असतो. अंदाज खरा निघाला तरी या खेळातल्या आनंदाचा मोठा वाटा हुकलेला असतो.

मराठी दैनिकातलं रोजचं शब्दकोडं आपल्या ओळखीचं आहे. 'एक पक्षी (२)' असं त्यात विचारलेलं असतं. मोर, घार, बक, काक, हंस यांपैकी कोणता, ते शेजारच्या अक्षरांवरून ठरतं. त्या संकेताला स्वतःचं असं एकच उत्तर नसतं. आता हा बघा: 'दारासमोरच दडून बसलेला राष्ट्रीय पक्षी (२)'. इथे पक्षी कोणता ते सांगितलं आहे आणि तो शब्द चक्क हातातही ठेवला आहे. 'दारासमोरच' या शब्दाच्या पोटात पाहा. दडून बसला आहे, असं कोडेकार उघड सांगतो, तरी आपली नजर आधी अंगणात जाते, अक्षरांकडे वळत नाही. जवळजवळ प्रत्येक गूढ संकेताचे असे दोन भाग असतात. एक भाग अर्थ सांगतो, आणि तो संकेताच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असतो, मधोमध कधीच नसतो. दुसरा भाग शब्दाची घडण सांगतो: अक्षरं कुठे दडली, कशी उलटली, कशाच्या पोटात काय गेलं. या दोन भागांमधला सांधा शोधणं म्हणजे कोडं सोडवणं. तो सांधा दुसऱ्याला दाखवणं म्हणजे उकल.

शब्दकोडं जन्मलं अमेरिकेत. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३च्या रविवारी 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये ते पहिल्यांदा छापलं. त्याला फसवं वळण मिळालं ते मात्र ब्रिटनमध्ये. एडवर्ड पॉवीस मॅदर्स हे कवी आणि अनुवादक १९२६पासून 'ऑब्झर्व्हर'साठी कोडी रचू लागले. त्यांनी टोपणनाव घेतलं 'टॉर्केमाडा', स्पेनमधल्या एका क्रूर धर्मन्यायाधीशाचं. ते नाव त्यांनी सार्थ केलं. त्यांचे संकेत विलक्षण बुद्धिमान असत, पण सोडवणाऱ्याला कुठवर फसवायचं याचे नियम अजून कोणी ठरवलेले नव्हते. ते १९३९मध्ये वारले आणि त्यांची जागा डेरिक मॅकनट यांनी घेतली. हे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक. त्यांनीही टोपणनाव दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशाचंच घेतलं: 'झिमेनीझ'. या मास्तरांनी खेळाला कायदा दिला. १९६६मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकात तो सविस्तर मांडलेला आहे. त्याचं सार थोडक्यात सांगता येतं. संकेतात नेमका अर्थ असावा, प्रामाणिक घडण असावी, आणि तिसरं काहीही नसावं.

यातली तिसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते. वाक्य गोड व्हावं म्हणून घातलेला एखादा शब्द उत्तरासाठी काहीच करत नसेल, तर तो सोडवणाऱ्याचा वेळ चोरतो. झिमेनीझच्या पुस्तकाआधी, १९४९मध्ये, 'अफ्रीट' या नावानं लिहिणाऱ्या कोडेकारानं हीच गोष्ट वेगळ्या अंगानं मांडली होती. कोडेकाराच्या वाक्याचा वरवरचा अर्थ खरा असण्याची गरज नाही, पण त्यानं लिहिलेल्या शब्दांतून उत्तर काटेकोरपणे निघालंच पाहिजे, हा त्याच्या सांगण्याचा आशय. फसवायला मुभा आहे, खोटं बोलायला नाही. झिमेनीझ वाचकांकडून संकेत मागवून स्पर्धा घेत आणि आलेल्या संकेतांवर आपला अभिप्राय लिहून पाठवत. संकेत चांगला का, वाईट का, याची चर्चा त्यामुळे खेळाचाच भाग झाली. १९७२पासून ही परंपरा जॉनथन क्राउदर यांनी 'अझेद' या नावानं पुढे चालवली. डेझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाचं नाव उलटं लिहून ते झालं आहे.

सगळेच कोडेकार या कायद्याला बांधले गेले नाहीत. 'गार्डियन'मध्ये १९५८पासून कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे धर्मोपदेशक 'अरोकेरिया' या नावानं लिहीत. त्यांचा हात सैल होता आणि वाचकांचं त्यांच्यावर उदंड प्रेम होतं. जानेवारी २०१३मध्ये त्यांचं एक कोडं छापून आलं. ते सोडवता सोडवता वाचकांना कळलं, की या म्हाताऱ्या कोडेकाराला अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे. आपलं दुखणं त्यांनी वाचकांना चौकोनांतून कळवलं, कारण याच वाटेनं ते त्यांच्याशी पंचावन्न वर्षं बोलत आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. दोन अनोळखी माणसांमध्ये इतका विश्वास कशानं तयार होतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला एकच उत्तर दिसतं: एकानं रचलेलं दुसऱ्याला पुरतं उलगडून पाहता येतं, काहीही झाकलेलं राहत नाही.

आपल्याकडे शब्दकोड्याचा याच्या अगदी उलट इतिहासही घडून गेला आहे. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात बक्षिसी शब्दकोड्यांनी मुंबई इलाख्यात धुमाकूळ घातला होता. प्रवेशमूल्य भरायचं, कोडं भरून पाठवायचं, मोठ्या रकमेची आशा धरायची. गोम अशी, की एकाच जागी दोन शब्द सारखेच बसत आणि त्यांतला 'बरोबर' कोणता ते आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेलं असे. तो शब्द का बरोबर, हे कोणालाही सिद्ध करून दाखवता येत नसे. १९४८मध्ये मुंबई सरकारनं अशा स्पर्धांवर नियंत्रणाचा कायदा केला. मग १९५५मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यानं महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षीस किंवा दोन हजारांहून अधिक प्रवेशिका असलेल्या स्पर्धा बंद केल्या. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातली आर.एम.डी.सी. ही कोडी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९५७मध्ये न्यायालयानं त्यांना जुगारात काढलं. मला हा निकाल कोड्यांच्या दृष्टीनंही रास्त वाटतो. ज्या उत्तराला उकल नाही, त्यावर पैसे लावले की तो जुगारच.

इंग्रजी गूढ कोडी मात्र आपल्याकडे मानानं टिकली. चेन्नईच्या 'द हिंदू'मध्ये भारतीय कोडेकार टोपणनावांनी ती रचतात. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी वृत्तपत्रांतली कोडी लोकलच्या डब्यात अंक चौपट दुमडून सोडवणारे मराठी लोक पुष्कळ होते, अजूनही आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा समज असा, की हा खेळ इंग्रजीतच जमायचा. तिथे सुटी अक्षरं आहेत, आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटी. या समजुतीला उत्तर द्यायचं म्हणून हे पुस्तक आहे.

मराठी चौकोनात एक पूर्ण अक्षर बसतं, त्याच्या काना-मात्रेसकट. जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे अक्षरांची उलथापालथ करून नवा शब्द काढणं अवघड जातं, हे खरं. 'मगर खवळली, चांगलीच तापलेली (३)' यासारखे संकेत क्वचितच सापडतात. 'खवळली' हा शब्द सांगतो की म-ग-र ही अक्षरं ढवळायची. मग 'गरम' मिळतं. पण एका बाजूला जे गेलं ते दुसऱ्या बाजूला भरून निघतं. सा, रे, ग, म, प, ध, नि हे सूर म्हणजे कोडेकाराच्या हाती आलेली सात सुटी अक्षरं. 'कटात पंचम सामील, ही तर लबाडी (३)': कट या शब्दात पंचमाचा 'प' घाला, 'कपट' तयार. संस्कृतातून आलेले एकाक्षरी शब्द आहेत: ख म्हणजे आकाश, मा म्हणजे लक्ष्मी. लेखकांना आद्याक्षरांनी हाक मारायची आपली जुनी सवय आहे, तिचाही उपयोग होतो. 'काळे यांचं शरीर (२)' या संकेतात रंगाचा काही संबंध नाही. काळे म्हणजे व. पु. काळे, आणि वपु म्हणजे शरीर.

या शेवटच्या संकेतात इंग्रजी कोडेकारांना हेवा वाटावा असं काहीतरी आहे. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं. ते लहान करून नाव लपवणं झिमेनीझच्या कायद्यात बसत नाही. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही. आडनाव काळे आणि रंगानं काळे, देवी लक्ष्मी आणि शेजारची लक्ष्मी, कृष्णा नदी आणि कृष्णा म्हणजे द्रौपदी, सगळी एकाच वेषात वावरतात. लिंगभेदही तसाच कामाला येतो: 'झुकवायची ती, मिळवायचा तो (२)'. मान स्त्रीलिंगी असते, मान पुल्लिंगीही असतो. उच्चारसाम्यावरचे संकेत मराठीत कमी जमतात, कारण आपण बरंचसं उच्चाराप्रमाणेच लिहितो. पण लिहायला एक आणि बोलायला दोन असे शब्द आपल्याकडे आहेत. 'थोडं म्हातारपण (२)' याचं उत्तर 'जरा'. थोडं या अर्थाचा 'ज' निराळा, वार्धक्याचा निराळा, कागदावर मात्र दोन्ही एक.

खरी कसोटी लागते ती विभक्तीपाशी. हा संकेत घ्या: 'लक्ष्मीच्या मागे गुप्तचर, हे लेकीचं हक्काचं घर (३)'. मा म्हणजे लक्ष्मी, तिच्यामागे, म्हणजे तिच्यानंतर, हेर, मिळून 'माहेर'. मधला 'हे' दोन भाग जोडतो. हाच संकेत 'लक्ष्मीच्या मागे गुप्तचर, तिच्या हक्काच्या घरी' असा लिहिला असता तर वाचायला अधिक बरा लागला असता, त्यात एक गोष्टही आली असती. पण मग अर्थभाग 'घरी' असा होतो आणि त्याचं उत्तर 'माहेरी' यायला हवं; घडणीतून ते येत नाही. अर्थभागाचं रूप आणि उत्तराचं रूप यांची विभक्ती, वचन आणि शब्दजात जुळलीच पाहिजे. मराठी संकेतांतल्या दहा चुकांपैकी आठ इथेच होतात, असा माझा अदमास आहे. उकल लिहायला बसलं की ही चूक लपत नाही. म्हणूनच संकेत रचणाऱ्यानं आधी त्याची उकल लिहून पाहावी, असं मी आग्रहानं सांगतो.

दुसरा वाद उदाहरणांचा. 'गरीब माघारी फिरला, कृष्णा भेटली (२)'. वाचताच सुदामा आठवतो, पण 'भेटली' या क्रियापदानं ही कृष्णा स्त्रीलिंगी असल्याचं सांगूनच टाकलं आहे. गरीब म्हणजे दीन, माघारी फिरला की नदी. प्रश्न असा, की कृष्णा ही नदी आहे, पण नदी म्हणजे कृष्णा नव्हे. उदाहरणावरून जातीकडे जायचं तर सोडवणाऱ्याला तशी खूण दिली पाहिजे, हे कडक पंथाचं मत. सैल पंथ म्हणतो, चालतं. मी कडक पंथाचा आहे, आणि या संग्रहात तो संकेत 'गरीब माघारी फिरला, बहुधा कृष्णा भेटली' असा छापला आहे. एका 'बहुधा'नं वाक्याचा डौल जात नाही आणि सोडवणाऱ्याचा हक्कही राहतो.

शब्दांत शब्द दडवण्याचा शौक आपल्याला कोणाकडून उसना आणावा लागलेला नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे. दंडीनं 'काव्यादर्शा'त तिचे सोळा प्रकार सांगितले, आणि तिचे उपयोगही: रसिकांच्या बैठकीत करमणूक, गर्दीत गुप्त बोलणं, दुसऱ्याला गोंधळात टाकणं. मोरोपंतांनी ओष्ठ्य अक्षरं वगळून अख्खं रामायण रचलं. उकलीची परंपरा तर याहून दांडगी आहे. व्यासांनी गणपतीला घातलेली अट आपण लहानपणी ऐकलेली असते: अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. कोडं सोडवणाऱ्यालाही मी हीच अट घालीन. आणि कालिदासावर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथानं स्वतःला घालून घेतलेलं बंधन, की आधाराशिवाय काही लिहिणार नाही आणि गरजेबाहेरचं काही सांगणार नाही, ते उकल लिहिणाऱ्यानं डोळ्यांपुढे ठेवावं. झिमेनीझची तिसरी अट आणि मल्लिनाथाचं हे बंधन मला एकाच जातीचं वाटतं.

या पुस्तकातल्या उकली कशा लिहिल्या आहेत ते सांगतो. आधी अर्थभाग कुठे संपतो ते दाखवलं आहे, कारण अडलेला माणूस बहुतेक वेळा तिथेच अडलेला असतो. वाक्याचा ओघ त्याला ज्या जागी पुढे ढकलतो, नेमक्या त्या जागी थांबायचं असतं. मग घडण, तुकड्यातुकड्यानं. मग जोडशब्द आणि खुणेचे शब्द: 'दडून', 'माघारी', 'खवळली', 'सामील'. संकेतातला एकही शब्द हिशेबाबाहेर राहिलेला नाही, याची खात्री झाल्यावरच उकल पुरी धरली आहे. एखादा शब्द दुर्मीळ अर्थानं आला असेल तर तो अर्थ कुठे वापरात आहे तेही दिलं आहे. 'मा म्हणजे लक्ष्मी' एवढं म्हणून भागत नाही. माधव म्हणजे लक्ष्मीचा पती, हे सांगितलं की वाचकाला तो अर्थ आपला वाटतो आणि पुढच्या वेळी तो स्वतः ओळखतो.

उत्तर आधी सुचावं आणि उकल मागून यावी, असं पुष्कळदा होतं. त्यात काही कमीपणा नाही. दोन अक्षरं उभ्या शब्दांतून मिळतात, तिसरं मनात येतं, शब्द दिसतो. मग उलट चालत यायचं: हाच शब्द का? कट कुठून आला, पंचम कशाला? तो परतीचा रस्ता तुडवताना संकेताची खरी कारागिरी नजरेला येते. काही संकेत तर पूर्ण कळतात ते या परतीच्या वाटेवरच. 'मुळात मनापासून दयाळू तत्परता (३)' यात 'मुळात' ही खूण आहे: पुढच्या तीन शब्दांची मूळची, म्हणजे पहिली, अक्षरं घ्या. म, द, त. आता अर्थभाग शोधायला गेलात तर तो वेगळा सापडणार नाही, कारण सगळा संकेतच मदतीचं वर्णन आहे. अर्थ आणि घडण एकमेकांत पूर्ण विरघळलेली असली की या खेळाची सर्वांत वरची पायरी गाठलेली असते. असे संकेत या पुस्तकात थोडेच आहेत. ते मागून मिळत नाहीत, भाषेत आधीच पडून असतात आणि कधीतरी दिसतात.

दुसऱ्याला उकल सांगताना घाई करू नये, एवढं जुन्या सोडवणाऱ्यांना विनवतो. शेजारचा अडला की आपण उत्तर सांगून मोकळे होतो आणि त्याचा संकेत फुकट जातो. आधी फक्त सांधा दाखवावा. नाही जमलं तर खुणेचा शब्द. तेवढ्यावर बहुतेकांना पुढचं दिसतं, आणि मग उकल तेच आपल्याला सांगतात.

कोडी पुढच्या पानापासून सुरू होतात; उकली शेवटी, वेगळ्या विभागात आहेत. पेन्सिल वापरा. ज्या उत्तराची उकल एका वाक्यात सांगता येते तेच ठळक करा, बाकीची फिकट राहू द्या. आणि पुस्तकात छापलेल्या उत्तराहून वेगळं उत्तर तुम्हाला मिळालं, त्याची उकल एकही शब्द न सोडता पुरी बसत असली, तर तुमचंच उत्तर बरोबर धरा. तिथे संकेत कच्चा राहिला आहे. तसं कळवलंत तर पुढच्या आवृत्तीत तो बदलेन.